अर्जदार : लवू मेस्त्री

॥ श्री ॥
वैभववाडी, ४ नोव्हेंबर २०२४

चि. गुरुदास यास, ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

तुला फोन करून उपयोग नाही. काजू कारखान्यातल्या यंत्रांनी तुझे कान नेले. मेसेज टाकावा तर तो कावेरी, बायकोच्या हक्काने, वाचते आणि उत्तर तिच्या मर्जीचं येतं. म्हणून पुन्हा पत्रच. पोस्टातली बाई मला विचारते, की बाई, अजून कोणाला लिहिता एवढं? मी सांगते, एक बहिरा भाऊ आहे वेंगुर्ल्याकडे, त्याला कागद दाखवावा लागतो.

कारखाना गणपतीपासून बंद आहे आणि तू पडवीत बसून लोकांचे जळालेले पंप दुरुस्त करतोस, हे मला माहीत होतं. पण नळपाणी समितीने आणि समुद्राकडच्या तीन लॉजवाल्यांनी त्यांच्या सगळ्या पंपांचं वर्षाचं काम तुला देऊ केलं, फक्त दुकानाची नोंदणी मागितली, आणि तू नको म्हणालास, हे कावेरीने कळवलं तेव्हा कळलं. अरे, डोकं ठिकाणावर आहे का? गोव्यातल्या दोन कंपन्यांनी तुझे कान बघून परत पाठवलं ना? मग घर चालायचं कशावर?

कणकवलीच्या करसल्लागारांकडे जाऊन आले. दोन रस्ते आहेत म्हणाले. एक म्हणजे एकल मालकी. त्यात दुकान आणि तू एकच. आधार, पॅन आणि लाइटबिल द्यायचं, संगणकावर उद्यम नोंदणी फुकट होते, मग दुकान सुरू केल्याची सूचना आणि ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. दुसरा म्हणजे एका माणसाची कंपनी. त्यात कंपनी वेगळी, तू वेगळा. तुझ्यामागे कोण हे आधीच लिहून द्यावं लागतं, आणि दरवर्षी कागदांची तपासणी. मला तर पडवीत कंपनी काढणं म्हणजे माडावर छत्री धरणं वाटतं. पहिलाच रस्ता बरा.

कागद पाठव. फराळाचा डबा पोचला का? चकल्या मऊ झाल्या असतील तर दोष हवेचा. लोभ आहेच, उत्तर दिलंस तर वाढेल.
तुझी ताई

॥ श्री ॥
वेंगुर्ले, १२ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस, गुरूचा सा. न. वि. वि.

चकल्या खाल्ल्या. दोष हवेचा नव्हता.

कागद पाठवतोय, कारण न पाठवले तर तू स्वतः येशील. लाइटबिल अजून बाबांच्याच नावावर आहे. घरपट्टीही त्यांच्याच नावावर. बाबा जाऊन आठ वर्षं झाली, पण मीटर अजून त्यांनाच ओळखतो.

ताई, तुला हसू येईल, पण मला भीती वाटते. साधी नाही. पंप दुरुस्त करताना हात थरथरत नाही, पण आधार कार्डाची झेरॉक्स काढताना थरथरला. आज लोक पंप आणतात, घेऊन जातात. कोणाचा कागद नाही, कोणाची सही नाही. बोर्ड लागला की ह्या पंपाला हात कोणी लावला होता हे सगळ्या जगाला कळणार. उद्या कुणाला काही झालं तर?

म्हणून एक विचारून ठेव. समज कंपनी काढली आणि कामात चूक झाली, तर ती चूक कंपनीची होते की माणसाची? कागदावर माझं नाव कुठेही न येता हे काम करायचा काही मार्ग आहे का? तुझ्या सल्लागारांना माझं नाव न सांगता विचार.

कावेरी ठीक. कोंबड्या अंडी देत नाहीत, त्याही घाबरल्या असाव्यात.

लहान भाऊ म्हणून सांभाळून घेतेस तसंच घे.
गुरू

॥ श्री ॥
वैभववाडी, १९ नोव्हेंबर

चि. गुरुदास यास अनेक आशीर्वाद.

तू जन्मजात भित्रा. लहानपणी शिमग्याची सोंगं आली की माझ्या परकरात शिरायचास. सल्लागार म्हणाले, की कंपनी केली तरी ज्याच्या हातून निष्काळजीपणा झाला तो माणूस काही सुटत नाही, फक्त देण्याघेण्यात घर वाचतं. तेव्हा पळवाटा शोधू नको.

मी अर्ज भरून टाकला. एकल मालकी. आणि तुझ्यासाठी एक गंमत केली आहे. तुझं नाव बोर्डावर नको ना? मग धंद्याला बाबांचं नाव दिलं. 'लवू मेस्त्री मोटर वर्क्स'. लाइटबिलही त्यांच्याच नावाचं, सगळं जुळून आलं. ज्या पडवीत त्यांनी दुकान टाकलं आणि मग बंद केलं, तिथेच ते पुन्हा सुरू होईल. लिहिताना माझे डोळे भरून आले. त्यांच्याशी मी शेवटपर्यंत नीट बोलले नाही. निदान एवढं तरी.

सोबतचा अर्ज पंचायतीत सुशांत क्लार्ककडे दे. आणि रविवारी सातेरीच्या देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालून घे. नवीन काम आहे, देवीला सांगितल्याशिवाय सुरू करू नये.

आता तरी हस. तुझ्या भल्याचंच करणारी,
ताई

॥ श्री ॥
वेंगुर्ले, २ डिसेंबर

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

काय करून बसलीस तू? मला विचारायचं तरी!

मीही गाढव. अर्ज न वाचता सुशांतकडे दिला. त्याने वर लवू मेस्त्री मोटर वर्क्स बघितलं, खाली लाइटबिलावर लवू मेस्त्री बघितलं, आणि पंचायतीच्या फलकावर नोटीस लावली. अर्जदार लवू मेस्त्री, मोटर दुरुस्तीचे दुकान, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. सुशांत बाहेरगावचा, नवीन, त्याला कोण मेला आणि कोण जिवंत काय ठाऊक?

नोटीस लागली त्याच दिवशी भरडावरच्या वाडीतली राधाबाई रेशनच्या कामाला आली होती. तिला वाचता येत नाही. नात दिव्याने तिला सगळा फलक वाचून दाखवला, त्यात हेही वाचलं. सुशांत सांगतो, की बाई आधी खालीच बसली. मग उठून एवढ्या मोठ्याने बोलली, की आतले सगळे बाहेर आले. ज्याने माझ्या बाबलीक मारल्यान तेचा नाव परत लायतास, तुमका लाज नाय? असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी येऊन हरकतीवर अंगठा देऊन गेली. २६ तारखेच्या सभेत तिचा अर्ज वाचणार आहेत. मलाही बोलावलंय.

देवळातही गेलो होतो. गाऱ्हाणं कसं घालतात तुला माहीत आहे. देवळातल्या पुजारी भाईंनी माझं नाव, बापाचं नाव विचारलं, नारळ हातात घेतला आणि सुरू केलं, की बाये, तुझो हो लेकरू आज नवो धंदो सुरू करता. सगळे व्हय महाराजा म्हणाले. पुढे ते म्हणाले, की आजपर्यंत तेच्या हातसून काय चुकला-माकला असात तर ता पोटात घाल. सगळे परत व्हय महाराजा म्हणाले, आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. भाई माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या हातातून नारळ परत घेतला आणि घरी आलो. असं कधी कोणी केलेलं नाही ताई. सगळ्या गावाने बघितलं.

नारळ पडवीत फळीवर आहे. मी तिकडे बघत नाही. अर्ज मागे घेता येतो का ते लगेच कळव.
गुरू

॥ श्री ॥
वैभववाडी, ७ डिसेंबर

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

चूक माझी, हजारदा माझी. राधाबाई मला आठवायला हवी होती. पण खरं सांगू? मी ती विसरायचाच प्रयत्न करत आले.

तेव्हा मी रत्नागिरीला डी.एड.ला होते. मला कळलं ते एवढंच, की बाबांनी राधाबाईच्या नवऱ्याचा, बाबलीचा, विहिरीवरचा पंप दुरुस्त केला, त्याची अर्थिंगची तार जोडायची राहिली, आणि बाबलीने ओल्या हाताने पंपाला हात लावला. बाबांना दोन दिवस पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं. अपघात म्हणून प्रकरण मिटलं, पण बाबांनी बोर्ड काढला तो काढलाच. पुढे माझं नांदगावचं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला, की माणूस मारलेल्या घरातली मुलगी नको. मी बाबांना तोंडावर म्हटलं होतं, की एक तार जोडायला तुम्हाला काय झालं होतं? ते सुपारी कातरत बसले.

आणि आता तुझी दोन्ही पत्रं पुढ्यात ठेवून बसले आहे. बाबा कधी तार विसरत नसत रे. घरातला साधा बल्ब बदलला तरी तीनदा बघत. तू देवळात कशाला घाबरलास? चुकला-माकला हे तर प्रत्येक गाऱ्हाण्यात असतं, मग तुझ्याच तोंडातून शब्द का निघेना? आधार कार्डाच्या झेरॉक्सला हात का थरथरतो?

अर्ज मागे घेता येतो. नाहीतर कंपनी काढू, तुझ्यामागे माझं नाव लावू, मी आहे. पण आधी मला सांग, तू काय लपवतो आहेस? जे असेल ते लिही. मी शिक्षिका आहे, मला खोटं लगेच ओळखता येतं.
तुझीच, ताई

॥ श्री ॥
वेंगुर्ले, १३ डिसेंबर

ती. ताई,

चार कागद फाडले. हा पाचवा.

तो पंप बाबांनी दुरुस्त केलाच नव्हता. त्या दिवशी ते लग्नाला गेले होते. बाबलीकाका सकाळीच आला, मिरच्या सुकत चालल्यात, आजच पाणी लागायला हवं म्हणाला. मी सोळा वर्षांचा. बाबांचं बघून बघून मला सगळं येत होतं, आणि आपल्याला येतं हे दाखवायची खाज होती. जळलेली तार बदलली. झाकण लावताना अर्थिंगची तार बोटभर आखूड पडली. घरात दुसरी नव्हती. म्हटलं, उद्या बाजारातून आणून जोडू. तार आत दुमडून ठेवली आणि झाकण बंद केलं. पंप सायकलवर बांधून मीच नेऊन दिला. बाबलीकाकाने मला शहाळं फोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली. बाबांनी मला पडवीत बोलावलं. मारतील म्हणून मी डोकं झाकून बसलो. ते म्हणाले, की हात तुझो असात, पण बोर्ड माझो, नाव माझा, तेव्हा चूकय माझी. तू कोणाक कायएक सांगा नको, आवशीकपण नको, ताईकपण नको. मग शर्ट घातला आणि पोलिसांना सांगायला स्वतः चालत गेले.

मी गप्प राहिलो. तुझं लग्न मोडलं तेव्हा गप्प राहिलो. राधाबाई भर जत्रेत बाबांच्या अंगावर थुंकली तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो, तेव्हाही गप्प राहिलो. ते मरायला टेकले तेव्हा म्हटलं, आता सांगू का? त्यांनी मान हलवून नको म्हटलं. आणि ताई, मला बरं वाटलं. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

तेव्हापासून प्रत्येक पंपाची अर्थिंग मी तीनदा बघतो, तरी रात्री झोप नाही. आणि आता तू त्यांचंच नाव बोर्डावर लावतेस. मेल्यावरही त्यांनी माझ्यासाठी शिव्या खायच्या?

तू काहीही बोल. पण उत्तर दे.
गुरू

॥ श्री ॥
वैभववाडी, १७ डिसेंबर

गुरुदास,

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस शाळेत गेले नाही. ताप आहे म्हणून कळवलं.

तुला काय लिहू? आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, आणि शिवी लिहायला घेतली तर डोळ्यांपुढे परकरात शिरणारं पोर येतं. माझ्या बापाशी मी सोळा वर्षं अर्ध्या तोंडाने बोलले रे! दिवाळीला जायचे, ताट वाढून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशीची गाडी पकडायचे. तो माणूस मला स्टँडवर सोडायला यायचा आणि गाडी हलेपर्यंत उभा राहायचा. हे मला आता कोण परत देणार आहे? तू देणार आहेस?

राग आहे. तो आज जाणार नाही. कधी जाईल माहीत नाही.

राधाबाईकडे जा असं मी सांगणार नाही. मला भीती वाटते. तिचे पुतणे तापट आहेत, आणि तुला धड ऐकूही येत नाही. जाऊ नको असंही सांगणार नाही. सोळा वर्षांचं पोर असतास तर हाताला धरून मीच नेलं असतं. आता चाळीस वर्षांचा आहेस.

२६ तारखेला जे होईल ते त्याच दिवशी पोस्टात टाक.
शर्मिष्ठा

॥ श्री ॥
वेंगुर्ले, २९ डिसेंबर, रविवार

ती. सौ. ताईस, साष्टांग नमस्कार. आशीर्वाद दिलेस तर घेईन, नाही दिलेस तर वाट बघेन.

त्याच दिवशी लिहायला सांगितलं होतंस. पण आजचा दिवस व्हायचा होता, म्हणून थांबलो.

२४ तारखेला सकाळी भरडावर गेलो. कावेरीला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती रडली, मग म्हणाली मी येते. मी एकटाच गेलो. राधाबाई घरामागच्या परड्यात लाल भाजीच्या वाफ्यात होती. दिव्या विहिरीतून रहाटाने पाणी काढत होती. ताई, तिने चोवीस वर्षांत विहिरीवर पंप बसवलाच नाही. सगळा वाफा अजून कळशीने शिंपते. ते बघून परत फिरलो असतो, पण तिने मला बघितलं होतं.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. तार आखूड पडल्यापासून शहाळ्यापर्यंत सगळं. मला वाटलं ती कळशी फेकून मारेल. ती कळशी खाली ठेवून विहिरीच्या काठावर बसली. तिथून काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. मग जवळ आली आणि माझ्या कानाजवळ तोंड आणून बोलली, माझ्या कानांचं तिला कोणीतरी सांगितलं असणार. मला वाटलं आता थुंकेल.

ती म्हणाली, की चोवीस वर्सां मी तुझ्या बापाशीक गाळी घातलंय. रोज दिवो लावताना घातलंय. तो मेलो तेव्हा मी देवीक नारळ दिलंय. तू माका चुकीच्या माणसाक शाप देऊक लावलंस. आता मी ते परत कशे घेव?

मी पाया पडायला वाकलो, तर तिने पाय मागे घेतले. माफ केलं म्हणाली नाही, ताई. तुला वाटेल मी लपवतोय, पण ती खरंच म्हणाली नाही.

२६ च्या सभेला ती आली. पुतणे बरोबर होते. मी दाराजवळ बसलो, पळायचं झालं तर बरं म्हणून. सुशांतने हरकतीचा अर्ज वाचला. राधाबाई उठली आणि मलाही ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, की माझी हरकत लवूच्या नावाक आसा. तेचा नाव काढा, तेणी कायएक केल्यान नाय. काम जो करता तेचा नाव घाला. सरपंचांनी विचारलं, की मग गुरुदासच्या नावाला हरकत आहे का? तिने वळून दाराकडे, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, की नाय. पण बोर्ड रस्त्यासून दिसाक व्हयो. मी दर आयतवारी बाजाराक जातंय. माका वाचूक येणा नाय, पण दिव्याक वाचूक सांगतलंय.

मी त्याच संध्याकाळी नारळ घेऊन देवळात गेलो. भाईंनी काही विचारलं नाही. चुकला-माकला आलं तेव्हा मी गाऱ्हाणं थांबवलं, काय चुकलं ते सगळ्यांसमोर बोललो, आणि मग पहिला व्हय महाराजा मीच म्हटलं.

कंपनी नको ताई. सल्लागारांना सांग, की एकल मालकीच राहू दे, फक्त धंद्याचं नाव बदलून द्या. दुकान आणि मी एकच, हेच बरोबर आहे. मी लावलेल्या प्रत्येक तारेखाली आता माझी सही असणार. भीती गेली असं समजू नको. ती अर्थिंग तपासताना माझ्या शेजारी बसते, बसू दे.

बाबांचा जुना बोर्ड कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून होता, अक्षरं खाली करून. धुतला. त्याची पुढची बाजू तशीच ठेवली आणि मागच्या बाजूवर माझं नाव रंगवून घेतलं, मोठ्या अक्षरात. काल संध्याकाळी पडवीवर चढवला.

आज सकाळी आठ वाजल्यापासून मी पडवीत बसलो होतो. हातात पंप होता, पण काम काही करत नव्हतो. दहाच्या सुमारास राधाबाई आणि दिव्या रस्त्याने आल्या. समोर थांबल्या. दिव्याने वर बघून वाचलं. मला ऐकू आलं नाही, पण तिचे ओठ दिसले. राधाबाईने तिला काहीतरी सांगितलं आणि दिव्याने पुन्हा वाचलं, आणि मग आणखी एकदा. तीनदा वाचून घेतलं, ताई. माझ्याकडे एकदाही न बघता ती पिशवी सावरून बाजाराकडे निघून गेली.

पुढच्या रविवारी ती परत येईल. मी पडवीतच असेन.

तुझा राग असेल तेवढा असू दे, पण पत्र पाठवत जा.

गुरुदास लवू मेस्त्री